उष्ण गुरू : जन्मस्थान आणि स्थलांतर

गुरू हा ग्रह आपल्या समाजाला पत्रिकेमुळे जितका ठाऊक आहे तितकाच पर्वण्यांमुळेही ठाऊक आहे. तो सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ सुरू होतो, पुढे कन्या राशीत गेला की नरसोबाच्या वाडीला कन्यागताची गर्दी लोटते, आणि ही दोन्ही पर्वे साधारण बारा वर्षांनी फिरून येतात. सूर्याभोवती एक प्रदक्षिणा घालावयास गुरूला ११.८६ वर्षे लागतात, हे त्याचे कारण. आता एखाद्या ताऱ्याभोवती असा गुरू फिरत असेल की ज्याची प्रदक्षिणा सव्वाचार दिवसांतच पुरी होते, तर त्याला काय म्हणावे? शास्त्रज्ञांनी अशा ग्रहांना 'उष्ण गुरू' हे नाव दिले आहे. वस्तुमानाने आणि घडणीने ते आपल्या गुरूच्याच जातीचे, म्हणजे मुख्यतः हायड्रोजन व हेलियम यांचे प्रचंड गोळे. परंतु ते आपल्या ताऱ्याला इतके बिलगून फिरतात की त्यांचे तपमान हजार अंश सेल्सिअसच्या घरात आणि कित्येकदा त्याहूनही पुष्कळ वर असते.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, विज्ञानशाखेचा नव्हे. तरीही हा विषय मला परका वाटला नाही, याचे कारण उष्ण गुरूंसंबंधीचा मुख्य प्रश्न हा इतिहासाचाच प्रश्न आहे. हे ग्रह आज जेथे सापडतात तेथे ते जन्मलेले नसावेत, असे जवळजवळ सर्व शास्त्रज्ञ मानतात. मग ते तेथे आले कसे? येताना त्यांना कोणी पाहिलेले नाही. उरलेल्या खुणांवरून तो प्रवास ठरवावा लागतो, आणि अडचण अशी की ज्या क्रियेने हे ग्रह आत आणले तीच क्रिया त्या खुणा पुसूनही टाकते.

प्रथम, ते तेथे जन्मले नसावेत असे का म्हणावयाचे ते पाहू. तारा जन्मतो तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धूळ यांची एक चपटी तबकडी फिरत असते. तिच्यातील धूलिकण एकमेकांस चिकटून खडे, खड्यांचे धोंडे आणि धोंड्यांचे ग्रहगोल होतात. ताऱ्यापासून पुरेसे दूर गेले की थंडीमुळे पाण्याची वाफ गोठते व बर्फाचे कण तयार होतात. आपल्या सूर्यमालेत ही हिमरेषा सूर्य-पृथ्वी अंतराच्या अडीच-तीन पटींवर असावी. तिच्यापलीकडे धुळीच्या जोडीला बर्फाची भर पडते, त्यामुळे पृथ्वीच्या दहापट वस्तुमानाचा एखादा गाभा तेथे तयार होऊ शकतो. इतका जड गाभा भोवतालचा वायू झपाट्याने ओढून घेतो आणि त्याचा गुरू होतो. हे सारे काही दशलक्ष वर्षांत उरकावे लागते, कारण तेवढ्या काळात तबकडीतील वायू संपून जातो. ताऱ्याच्या अगदी जवळ मात्र बर्फ नाही, घन पदार्थ थोडा, आणि उष्णता एवढी की खडकाचीही वाफ व्हावी. तेथे दहा पृथ्वींचा गाभा जमावयाचा कसा?

ही उपपत्ती सुबक होती. आत लहान खडकाळ ग्रह, बाहेर मोठे वायुरूप ग्रह, ही आपल्या सूर्यमालेची रचना तिने उत्तम समजावून दिली. पण ती एकाच उदाहरणावर बेतलेली होती. एकाच घराण्याची बखर वाचून साऱ्या राजघराण्यांचे नियम बांधावेत तशातला हा प्रकार झाला, आणि त्याचे परिणाम पुढे दिसले.

१९५२ साली ऑटो स्ट्रूव्ह या रशियन साम्राज्यात जन्मलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. ग्रह ताऱ्यापासून दूरच असले पाहिजेत असा काही नियम नाही, असे त्याचे म्हणणे. सूर्य-पृथ्वी अंतराच्या पन्नासाव्या हिश्श्यावर एखादा ग्रह असेल तर त्याची प्रदक्षिणा सुमारे एका दिवसात होईल. तो गुरूएवढा असेल तर आपल्या ओढीने ताऱ्याला सेकंदाला ०.२ किलोमीटर वेगाने मागेपुढे हलवील, दहा गुरूंइतका असेल तर २ किलोमीटर वेगाने. शिवाय तो ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावेल. पुढे ज्या दोन रीतींनी बहुतेक उष्ण गुरू सापडले त्या दोन्ही या टिपणात आहेत. परंतु त्याकडे फारसे कोणी वळले नाही. साधनांची उणीव हे एक कारण खरेच, पण तेवढे एकच नव्हते असे मला वाटते. ग्रह शोधावयाचा म्हणजे बारा वर्षे धीर धरावयाचा, अशी धारणा मनात पक्की बसली होती. कॅनडातील गॉर्डन वॉकर आणि ब्रूस कॅम्पबेल यांच्या गटाने हवाई बेटांवरील दुर्बिणीतून २१ ताऱ्यांचे १२ वर्षे अत्यंत काटेकोर निरीक्षण केले, आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये गुरूसारखा ग्रह आढळला नाही असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. उष्ण गुरू सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांमागे एखाद्याच ताऱ्याजवळ असतो, हे आज आपणांस माहीत आहे. एकवीस ताऱ्यांत तो न सापडावा यात नवल नाही.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये, फ्लॉरेन्स येथील परिषदेत जिनिव्हाचे मिशेल मेयर आणि त्यांचे विद्यार्थी दिदिए क्वेलोझ यांनी महाश्व तारकासमूहातील ५१ क्रमांकाच्या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचे जाहीर केले. आपल्याकडील पूर्वा भाद्रपदा नक्षत्राचे दोन ठळक तारे मनातल्या मनात रेषेने जोडावेत. त्या रेषेच्या मध्याजवळ, किंचित पश्चिमेस हा अंधूक तारा आहे. स्वच्छ व काळोख्या रात्री तो नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. दक्षिण फ्रान्समधील वेधशाळेच्या दुर्बिणीला जोडलेल्या वर्णपटमापकाने या जोडीने १४२ तारे तपासावयास घेतले होते. त्यांतला हा तारा सेकंदाला सुमारे ५५ ते ६० मीटर वेगाने मागेपुढे डुलत होता आणि त्याचे एक आवर्तन ४.२३ दिवसांचे होते. गुरूच्या निदान निम्म्या वस्तुमानाचा हा ग्रह ताऱ्यापासून जेमतेम ७८ लाख किलोमीटरांवर होता. आपला गुरू सूर्यापासून ७७ कोटी ८० लाख किलोमीटरांवर आहे; म्हणजे हे अंतर त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढे. बुधसुद्धा सूर्यापासून याच्या सातपटीहून अधिक दूर आहे. दोघांचा आपल्या आकड्यांवर लगेच विश्वास बसला नाही. तारा सूर्याआड जाऊन जुलैत पुन्हा दिसू लागेपर्यंत ते थांबले आणि फिरून मोजमाप केले. २०१९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तारा स्वतःच स्पंदन पावत असेल, ग्रह-बिह काही नसेल, अशी शंका काहींनी घेतली. १९९९ साली एच. डी. २०९४५८ या ताऱ्यासमोरून त्याचा उष्ण गुरू प्रत्यक्ष सरकताना आढळला. या घटनेला अधिक्रमण म्हणतात. साडेतीन दिवसांनी एकदा त्या ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने घटतो. घट किती होते यावरून ग्रहाचा आकार कळतो, ताऱ्याच्या डुलण्यावरून वस्तुमान कळते. घनता पाण्याच्या निम्म्याहून कमी निघाली. वायूचाच गोळा तो. शंकेला जागा उरली नाही.

आता स्थलांतराकडे वळू. याविषयी दोन मुख्य मते आहेत.

पहिले मत तबकडीचे. वास्तविक हे गणित उष्ण गुरू सापडण्यापूर्वीच तयार होते. १९८० साली पीटर गोल्डराईश आणि स्कॉट ट्रेमेन यांनी दाखवून दिले होते की वायूच्या तबकडीत फिरणारा ग्रह तिच्यात लाटा उठवतो, त्या लाटा उलट ग्रहाला ओढतात, आणि गुरूसारख्या ग्रहाची कक्षा काही हजार वर्षांतच लक्षणीय बदलू शकते. कक्षा आत सरकेल की बाहेर, हे त्यांनी तेव्हा ठरविले नव्हते. ५१ क्रमांकाचा ग्रह सापडताच डग्लस लिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली हेच गणित पुढे केले. मोठा ग्रह तबकडीत आपल्या वाटेवर एक मोकळी फट पाडतो. तबकडीतील वायू हळूहळू ताऱ्याकडे पाझरत असतो, त्याच्याबरोबर फटीत अडकलेला ग्रहही आत येतो. ओढ्याच्या पाण्याबरोबर ओंडका यावा तसा. ताऱ्याच्या अगदी जवळ त्याच्या चुंबकीय क्षेत्राने तबकडीत पोकळी पाडलेली असते, तेथे हा प्रवास थांबतो. असा प्रवास शांतपणे होतो. ग्रहाची कक्षा वर्तुळाकारच राहते, आणि ताऱ्याचे विषुववृत्त ज्या पातळीत आहे साधारण त्याच पातळीत राहते.

दुसरे मत हाणामारीचे आहे. १९९६ सालीच फ्रेडरिक रेझिओ आणि एरिक फोर्ड यांनी सुचविले की दोन-तीन गुरू एकमेकांच्या फार जवळ जन्मले तर त्यांच्या ओढाताणीत एखादा मालेबाहेर फेकला जाईल आणि दुसरा अतिशय लांबट कक्षेत ढकलला जाईल. याला तिसऱ्या एका क्रियेची जोड मिळाली. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल लिडोव्ह कृत्रिम उपग्रहांचा आणि जपानचे योशिहिदे कोझाई लघुग्रहांचा अभ्यास करीत होते. १९६०च्या दशकाच्या आरंभी दोघांनाही स्वतंत्रपणे एकच गोष्ट आढळली : दूरचा एखादा जड पदार्थ चाळीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तिरक्या पातळीत असेल, तर आतल्या वस्तूची कक्षा तिरपेपणा आणि लांबटपणा यांची आळीपाळीने अदलाबदल करू लागते. कलणे कमी झाले की लांबणे वाढते. चंद्राची कक्षा काटकोनात उभी केली तर या क्रियेने थोड्याच वर्षांत चंद्र पृथ्वीवर येऊन आदळेल, असे लिडोव्ह यांनी दाखविले होते. ताऱ्याला दुसरा जोडीदार तारा असेल तर त्याच्या ओढीने गुरूचीही हीच गत होऊ शकते.

अशा लांबट कक्षेतील ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळून जातो तेव्हा भरती-ओहोटीचे बल त्याला पिळून काढते. चंद्राची एकच बाजू आपणांस नेहमी दिसते तीही याच बलाची करामत. प्रत्येक फेरीत ग्रहाची थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च होते, लांबचे टोक आत येऊ लागते, आणि कोट्यवधी वर्षांनी कक्षा लहान व वर्तुळाकार होते. यात ऊर्जा खर्च होत असली तरी कोनीय संवेग जवळपास कायम राहतो. म्हणून अंतिम वर्तुळाची त्रिज्या ताऱ्यापासूनच्या मूळ किमान अंतराच्या सुमारे दुप्पट होते. हे सोपे गणित फार उपयोगी पडते.

याचे उदाहरण म्हणजे २००१ साली सापडलेला एच. डी. ८०६०६ या ताऱ्याचा ग्रह. तो १११ दिवसांच्या कक्षेत फिरतो. एका टोकाला तो ताऱ्यापासून सुमारे १३ कोटी किलोमीटर दूर असतो, तर दुसऱ्या टोकाला केवळ ४५ लाख किलोमीटरांवर येतो. धूमकेतूची कक्षा म्हणावी अशी ही कक्षा आहे, आणि तिच्यात फिरणारा ग्रह गुरूच्या चौपट जड आहे. ताऱ्याजवळून जाताना काही तासांत त्याचे तपमान कित्येक शे अंशांनी चढलेले अवकाशातील दुर्बिणीने टिपले आहे. त्या ताऱ्याला जोडीदार ताराही आहे. वरचे गणित लावले तर या ग्रहाचे शेवटचे मुक्कामाचे ठिकाण सुमारे ९० लाख किलोमीटरांवर येते, म्हणजे साडेपाच दिवसांच्या आसपासची प्रदक्षिणा. हा होऊ घातलेला उष्ण गुरूच होय. २०२४ साली प्रसिद्ध झालेला टी. आय. सी. २४१२४९५३० या ताऱ्याचा ग्रह त्याचाच भाऊ शोभावा असा आहे : कक्षा तितकीच लांबट, जोडीदार तारा हजर, आणि ग्रह ताऱ्याच्या परिवलनाच्या उलट दिशेने फिरणारा.

उलट दिशा कशी कळते, ही मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर युक्ती वाटते. तारा स्वतःभोवती फिरतो तेव्हा त्याची एक कड आपल्याकडे येत असते व दुसरी दूर जात असते. ग्रह समोरून सरकताना आधी एक कड झाकतो, मग दुसरी. कोणती कड आधी झाकली गेली हे वर्णपटातील बारीक फरकावरून समजते. १९२४ साली रॉसिटर आणि मॅक्लॉफ्लिन या दोघांनी ही गोष्ट एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांबाबत दाखविली होती. पाऊण शतकानंतर ती ग्रहांच्या कामी आली. वॉस्प-१७ या ताऱ्याचा उष्ण गुरू ताऱ्याच्या उलट दिशेने फिरतो असे २००९ साली आढळले, आणि पुढे असे तिरके, आडवे, उलटे ग्रह बरेच मिळाले. आपल्या सूर्यमालेत हा कल अवघा सहा-सात अंशांचा आहे. शांतपणे आत आलेला ग्रह उलटा कसा फिरेल? हाणामारीच्या मताला यामुळे मोठे बळ आले.

पण येथेच पुरावा पुसला जाण्याची अडचण उभी राहते. २०१० साली जोशुआ विन आणि सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की तिरके उष्ण गुरू मुख्यतः ६,२५० केल्विनहून अधिक तप्त ताऱ्यांजवळ आहेत. त्याहून थंड ताऱ्यांजवळचे बहुतेक सरळ आहेत. थंड ताऱ्यांच्या बाहेरच्या थरात वायू सतत उकळत, घुसळत असतो. त्यामुळे भरतीचे बल तेथे अधिक परिणामकारक ठरते आणि कालांतराने तारा व ग्रह एका पातळीत येतात. म्हणजे आज सरळ दिसणारा ग्रह पूर्वीपासून सरळ होता की नंतर सरळ झाला, हे सांगता येत नाही. वर्तुळाकार कक्षेचेही तेच. शिवाय तिरपेपणा हा हाणामारीचा निर्णायक पुरावा मानता येत नाही, कारण जोडीदार ताऱ्याच्या ओढीने मूळ तबकडीच कललेली असू शकते.

म्हणून आता साक्षीदार म्हणून शेजाऱ्यांकडे पाहतात. लांबट कक्षेतून धडकत येणारा गुरू वाटेतल्या लहान ग्रहांची दाणादाण उडवील, तबकडीतून येणारा त्यांना सांभाळून आणू शकेल. केप्लर दुर्बिणीला सापडलेल्या साठाहून अधिक उष्ण गुरूंची २०१२ साली तपासणी झाली, तेव्हा एकालाही निकटचा सोबती निघाला नाही. हाणामारीचा पक्ष पुन्हा वर आला. मग २०१५ साली वॉस्प-४७ चे प्रकरण निघाले : ४.१६ दिवसांचा उष्ण गुरू, आणि त्याच्या आत एक व बाहेर एक असे दोन लहान ग्रह सुखाने नांदत आहेत. हा ग्रह ओढ्यातून वाहत आला असावा किंवा, काहींच्या मते, तेथेच वाढला असावा. जड गाभा आधीच तयार असेल तर ताऱ्याजवळही तो वायू ओढून घेऊ शकेल, असे २०१६ साली काही अभ्यासकांनी मांडले आहे. तरी तो गाभा आला कोठून, हा प्रश्न मला त्यात शिल्लक राहिलेला दिसतो. आणखी एक साक्ष अनुपस्थितीची आहे. सर्व उष्ण गुरू लांबट कक्षेतूनच आले असते, तर त्या वाटेवर असलेले पुष्कळ ग्रह आज दिसावयास हवेत, असा हिशेब २०१२ साली मांडला गेला होता. २०१५ साली केप्लरच्या नोंदी धुंडाळल्या तेव्हा अपेक्षेइतके ते मिळाले नाहीत.

माझ्या मते दोन्ही वाटा खऱ्या आहेत, मात्र सारख्या वर्दळीच्या नाहीत. उलट्या आणि लांबट कक्षांची संख्या पाहता हाणामारीची वाट अधिक रहदारीची असावी. आपल्या देशातील एक निरीक्षणही याच बाजूचे आहे. अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेची वेधशाळा अबूच्या पहाडावर गुरुशिखरावर आहे. (हे दत्तस्थान, तेथून गुरूचा शोध लागावा हा योग मजेदार खराच.) तेथील 'पारस' या वर्णपटमापकाने टी. ओ. आय. ४६०३ या ताऱ्याचा गुरूच्या सुमारे १३ पट जड ग्रह शोधला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याची प्रदक्षिणा सव्वासात दिवसांची, पण कक्षा अजून पुरती वर्तुळ झालेली नाही. खुणा पुसल्या जाण्याच्या आत हाती लागलेला हा ग्रह आहे.

नावाने आपला म्हणावा असाही एक उष्ण गुरू आहे. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या उपक्रमात भारताच्या वाट्याला एच. डी. ८६०८१ हा तारा आला. भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ ताऱ्याला 'बिभा' आणि त्याच्या २.१४ दिवसांत फिरणाऱ्या ग्रहाला 'संतमस' असे नाव मिळाले. 'ढगाळलेला' असा त्याचा अर्थ नाव देताना सांगितला गेला. संस्कृतात संतमस म्हणजे सर्वत्र दाटलेला अंधार. भरतीच्या बलाने अशा ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्याकडे वळलेली असते असे मानतात, त्यामुळे निम्म्या ग्रहापुरते तरी हे नाव शब्दशः खरे आहे.

आत आल्यावरही प्रवास संपत नाही. पृथ्वी स्वतःभोवती लवकर फिरते व चंद्र तिच्याभोवती सावकाश; म्हणून भरतीचे बल चंद्राला वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर ढकलते. उष्ण गुरूचे बहुधा उलटे असते : ताऱ्याच्या परिवलनापेक्षा त्याची प्रदक्षिणा जलद, म्हणून ताऱ्यावरचा भरतीचा फुगवटा त्याच्या मागे राहतो आणि त्याला मागे खेचतो. वॉस्प-१२ या ताऱ्याचा ग्रह १.०९ दिवसांत प्रदक्षिणा घालतो, आणि हा काळ दर वर्षी सुमारे २९ मिलिसेकंदांनी घटत आहे. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पण फरक साचत जातो. दहा वर्षांत या ग्रहाच्या सुमारे ३,३५० प्रदक्षिणा होतात आणि दहा वर्षांनंतरचे अधिक्रमण जुन्या वेळापत्रकापेक्षा आठ मिनिटे लवकर होते, हे कोणालाही कागदावर मांडून पाहता येईल. या गतीने सुमारे तीस लाख वर्षांत तो ग्रह ताऱ्यात पडेल. ताऱ्याच्या वयाच्या मानाने हा काळ फारच थोडा आहे. अभ्यासकांना या आकड्याचे मोल वेगळ्याच कारणासाठी आहे : ताऱ्यातील भरतीचे बल किती वेगाने काम करते याचे एक प्रत्यक्ष मोजमाप त्यामुळे हाती आले, आणि इतर ताऱ्यांजवळ तिरपेपणाच्या खुणा किती काळात पुसल्या गेल्या असतील याचा अदमास आता अशाच मोजमापांवरून घेतला जात आहे.